पांझरेकाठी आलेला इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या कॉलेजात अभियंता दिन साजरा होतो. सेमिनार हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर, त्यावर म्हैसुरी फेटा बांधलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा फोटो, झेंडूचा हार आणि उदबत्ती. मग फर्स्ट इयरचा कोणीतरी पाठ केलेलं भाषण म्हणतो. कृष्णराजसागर, भारतरत्न, शंभर वर्षांचं आयुष्य आणि वक्तशीरपणा. टाळ्या होतात, सामोसा मिळतो आणि आपण पुन्हा सबमिशनच्या मागे लागतो. मीसुद्धा तीन वर्षं तो सामोसा खाल्ला आहे, खोटं कशाला बोलू!

पण मित्रांनो, त्या भाषणात एक गोष्ट कधीच येत नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीतली अगदी सुरुवातीची कामगिरी आमच्या खानदेशात, पांझरा नदीच्या पाटावर झाली. मी पिंपळनेरचा. पांझरा आमच्या गावावरूनच वाहते. माझ्या आबांची थोडी जमीन फडात होती, त्यामुळे पाटकरी, जागल्या, चारी हे शब्द मी अआइई शिकायच्या आधी ऐकले. तरी विश्वेश्वरय्यांचा आणि आमच्या पाटाचा संबंध मला कळला तो मागच्या वर्षी, आणि तोही एक फजिती झाल्यावर.

फजिती अशी. एनएसएसच्या शिबिरात आम्ही एका गावी नाल्यावर बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून. जागा आम्हीच निवडली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, जिथे नाल्याचं पात्र सर्वांत अरुंद तिथे. लेव्हल लावली, क्रॉस सेक्शन काढला, फोटोही काढले. काम चालू असताना एक म्हातारी आजी रोज शेळ्या घेऊन यायची आणि तिथे उभी राहायची. शेवटच्या दिवशी तिने सांगितलं की डाव्या काठाला पूर्वी नाल्याचं जुनं पात्र होतं, पाणी त्या बाजूने फोडून जाईल. आम्ही हसून मान डोलावली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी डाव्या काठाने फोडून गेलं. बंधारा जागच्या जागी उभा आणि नाला शेजारून वाहतोय! गोण्या आम्ही मोजून भरल्या होत्या, पण तिला विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं.

त्यानंतर लायब्ररीत बसून मी विश्वेश्वरय्यांचं चरित्र नीट वाचलं. ते मला सुविचारांच्या फळ्यापेक्षा बरंच वेगळं दिसलं. तेच इथे सांगतो.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा (काही ठिकाणी १८६० अशीही नोंद आहे). गाव मुद्देनहळ्ळी, त्या काळच्या म्हैसूर संस्थानात, चिक्कबळ्ळापूरजवळ. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. वडील लवकर गेले. मुलांच्या शिकवण्या करून या मुलाने बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केलं. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो इंजिनिअरिंग शिकायला आला तो आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. तेच पुढे सीओईपी झालं. १८८३ साली एल.सी.ई. परीक्षेत तो सगळ्या मुंबई इलाख्यात पहिला आला. त्या काळी पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी मिळे. म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यू वगैरे काही भानगड नाही! १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून ते नाशिकला रुजू झाले आणि लवकरच त्यांना खानदेशात धाडण्यात आलं.

तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. आजचा साक्री तालुका त्या वेळी पिंपळनेर तालुका म्हणून ओळखला जायचा. या तालुक्यातल्या दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका पाटाचं पाणी पाइप सायफनमधून पलीकडे न्यायचं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला झोपलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाटाच्या वाटेत ओहोळ आडवा आला की पाणी बंद नळातून त्याच्या तळाखालून न्यायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. बाहेर पडायची पातळी आत शिरायच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवली, नळातल्या घर्षणाने जेवढी उंची खर्ची पडते तेवढी हिशेबात धरली, की पाणी आपोआप चढतं. कागदावर अर्ध्या पानाचं गणित.

पण दिवस पावसाळ्याचे. पाया खणावा आणि पुराच्या वाळूने तो पुन्हा भरून जावा. तेव्हा पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावं असं या तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. नव्या पोराने आज्ञा पाळायची सोडून सल्ले द्यावेत, हे त्यांना शिस्तीला धरून वाटलं नाही. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. पुरात, चिखलात काम चालू ठेवलं आणि पुरं करून दाखवलं. मग त्याच वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली. वय होतं अवघं बावीस-तेवीस, म्हणजे आपल्यातल्या बॅक राहिलेल्या सीनिअरएवढं!

त्या पाटाच्या टोकाला काय होतं?

आता खरा मुद्दा. हा सायफन ज्या पाटावर होता तो कुठल्या सरकारी धरणाचा कालवा नव्हता. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून, गावकऱ्यांनी स्वतः चालवलेली पद्धत होती. तिचं नाव फड.

ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा घालायचा आणि पाणी पाटात वळवायचं. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि सारंगातून शेतात. जास्तीचं पाणी सांडव्याने पुन्हा नदीत. पाटाखालची सगळी जमीन तीन किंवा चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली. असा एक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात आणखी काही आणि दरवर्षी फेरपालट.

यात हुशारी कुठे आहे? साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. समजा नदीला पाणी कमी आहे. मग गावकरी बसून ठरवतात की यंदा दोनच फड भिजवायचे, बाकीचे पडीक ठेवायचे. पडीक ठेवलेल्या फडात सगळ्यांचंच थोडं जातं आणि भिजणाऱ्या फडात सगळ्यांनाच थोडं मिळतं. पाटाच्या तोंडाशी असलेला मजेत आणि शेपटाचा उपाशी, असं होत नाही. शिवाय शेजारी शेजारी एकच पीक असल्याने पाणी एका मापाने, ओळीने फिरतं आणि गळतीही कमी होते.

हे चालवायला पंच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला पिकातून. पाटातला गाळ काढायला ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे हात. माझे आबा सांगायचे की फडात शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नसे, बारी पाटकऱ्याच्या हाती. भावकीतला असो की वैरी, पाटकऱ्याला ओळ सोडता येत नसे.

याचा अर्थ सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. ज्याच्या नावावर फडात जमीनच नव्हती, त्याला त्या बैठकीत जागा नव्हती. बायका शेतात राबायच्या, पण पंचांत बसायच्या नाहीत. तरी एक गोष्ट नक्की. पाण्याचं नियोजन ज्यांच्या पोटाशी बांधलेलं होतं, त्यांनीच ते केलेलं होतं. त्यांच्यात एकही इंजिनिअर नव्हता.

नीरेचा कालवा

खानदेशानंतर विश्वेश्वरय्यांची नोकरी इलाखाभर फिरली. १८९४-९५ मध्ये सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठा, मग पुणे. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दार आपोआप उघडणार, उतरलं की मिटणार. धरण न वाढवता साठा वाढला. भाषणात हे दरवाजे येतात, पण त्याच सुमाराला केलेली ब्लॉक पद्धत क्वचितच येते.

नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला होता, भाटघरच्या धरणावर. दुष्काळाला उपाय म्हणून सरकारने तो काढला होता. पण कागदावरचा कालवा आणि शेतातला कालवा यांत फरक पडला. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घेत नसत, कारण त्याला पट्टी भरावी लागे. पाऊस गेला की सगळे एकदम धावत. काही ठिकाणी मात्र उसाला बारमाही पाणी इतकं दिलं जाई की जमिनी पाणथळ आणि खारपड व्हायला लागल्या. एकीकडे पाणी वाया जातंय, दुसरीकडे शेतं कोरडी.

१८९९ पासून पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी विश्वेश्वरय्यांकडे आली. त्यांनी जो उपाय काढला तो वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. कालव्याखालच्या गावागावांत जमिनीचे ठरावीक आकाराचे ब्लॉक पाडायचे. पाणी सगळीकडे शिंपडायचं नाही, ब्लॉकमध्येच द्यायचं. एका तृतीयांश भागात ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं आणि तीन वर्षांत फेरपालट. आणि पाण्याची हमी एका हंगामापुरती न देता काही वर्षांसाठी.

अरे, हा तर फड! पाटबंधाऱ्यातल्या अनेक जाणकारांनीही ब्लॉक पद्धतीचं मूळ खानदेशच्या फडात पाहिलं आहे. ज्या माणसाने नोकरीच्या सुरुवातीलाच पांझरेच्या पाटावर पावसाळा काढला, त्याने त्या पाटाखालची शेतं डोळे मिटून पाहिली असतील असं मला तरी वाटत नाही.

शेतकऱ्यांना ही पद्धत लगेच पटली नाही. हातचं पाणी जाईल ही भीती होती. विश्वेश्वरय्यांनी ती समजावून सांगितली आणि हळूहळू ती रुजली. १९०१ साली नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगापुढेही त्यांनी ती मांडली.

पण इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपण फोटोला हार घालायला बसलेलो नाही. फड आणि ब्लॉक यांची आकृती सारखी आहे, पण बैठक निराळी. फडात कोणतं पीक घ्यायचं, कोणता तुकडा पडीक टाकायचा हे गावकरी ठरवत. ब्लॉकमध्ये ते खात्याच्या मंजुरीने ठरे. फडात सगळ्यांची जमीन सगळीकडे होती, म्हणून तूट वाटली जाई. ब्लॉकमध्ये ज्याची जमीन आत तो आत आणि ज्याची बाहेर तो बाहेर. पुढच्या काळात दख्खनच्या कालव्यांवर उसाचा ब्लॉक असणं म्हणजे जवळजवळ हक्काची इस्टेट झाली आणि शेजारचा कोरडवाहू शेतकरी कालव्याकडे बघत बसला. फडाची जमीन-पाण्याची मांडणी नीरेवर आली, पंच मात्र पांझरेवरच राहिले. हा दोष एकट्या विश्वेश्वरय्यांचा म्हणता येणार नाही. परक्या सरकारचं खातं होतं, त्याला पट्टी वसूल व्हायला हवी होती, गावच्या पंचांकडे चावी द्यायला ते थोडंच तयार झालं असतं? पण तेव्हापासून आपल्याकडे पाण्याचं नियोजन म्हणजे ऑफिसातलं काम, ही सवय पडली ती पडलीच.

दिवाण, आणि नव्वदीतला विद्यार्थी

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. मुसी नदीच्या पुराने उद्ध्वस्त झालेल्या हैदराबादसाठी पूरनियंत्रणाची योजना आखली. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं. सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरून बांधलेलं ते धरण आजही उभं आहे. त्याच्या पाण्याने मंड्याचा दुष्काळी मुलूख हिरवा झाला, हे खरं. कन्नंबाडीसारखी गावं त्या पाण्याखाली गेली, हेही खरंच. धरणाच्या खालच्या शेतकऱ्याचा हिशेब मांडला जातो, वरच्याचा राहून जातो. आपल्याकडच्या किती धरणांबद्दल हेच सांगता येईल!

दिवाण असताना त्यांनी शाळा, कारखाने, बँक, विद्यापीठ यांबरोबर गावसुधारणेची योजनाही काढली. गावाने समिती करायची, थोडी वर्गणी आणि थोडे श्रम द्यायचे आणि विहीर, रस्ता, शाळा यांची कामं उभी करायची. पुढे सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा महाराजांशी त्यांचे मतभेद झाले. केवळ गुणवत्ता पाहावी असं त्यांचं मत. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. पाण्याचा वाटा ज्यांनी इतक्या बारकाईने मोजला, त्यांना हा दुसरा वाटा तितका दिसला नाही, असं मला वाटतं. मोठ्या माणसाच्या चरित्रात अशा जागाही वाचाव्यात, वगळू नयेत.

१९३४ मध्ये त्यांनी देशाच्या आर्थिक नियोजनावर पुस्तक लिहिलं, नियोजन आयोग यायच्या सोळा वर्षं आधी. पण मला सगळ्यांत भावलं ते त्यांचं उतारवयातलं काम. स्वातंत्र्यानंतर, नव्वदीच्या घरात असताना, त्यांनी खेड्यांच्या औद्योगीकरणाची एक योजना आखली आणि म्हैसूर राज्यात बंगळूर व कोलार जिल्ह्यांत ती सुरू झाली. तिची कल्पना साधी होती. काही गावांचा मिळून एक गट करायचा. गटाची समिती त्याच गावांतल्या लोकांची. समितीने आधी मोजदाद करायची, की आपल्याकडे पिकतं किती, कोण कोणता धंदा करतं, कोणाचे हात रिकामे आहेत. मग आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं आणि वर्षाअखेरीस पुन्हा मोजायचं. सरकारने मदत करायची, हुकूम करायचा नाही.

म्हणजे बघा, तेविशीत ज्या पाटावर पंचांची बैठक चालत होती, तिच्याकडे हा माणूस नव्वदीत पुन्हा आला होता. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

पुन्हा पिंपळनेर

आमच्या भागात मग काय झालं? स्वातंत्र्यानंतर पांझरा खोऱ्यात धरणं झाली. लाटीपाड्याचं धरण तर पिंपळनेरच्या वरच्याच अंगाला. पाण्याची चावी पंचांकडून खात्याकडे गेली. विहिरी झाल्या, मोटारी बसल्या आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाची गरज उरली नाही. एकच पीक घ्यायचा नियम सैल झाला. काही फड आजही तग धरून आहेत, बरेच नावापुरते राहिले. आबा गेले तेव्हा आमच्या फडात एकमेकांना लागून चार शेतांत चार पिकं उभी होती.

उलट दिशेनेही काही घडलं. नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणी वापर संस्था काढल्या आणि पुढे प्रकल्पाचं सगळं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. २००५ मध्ये महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा झाला. त्यात संस्थेच्या समितीवर कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातले प्रतिनिधी असावे लागतात. शेपटाच्या शेतकऱ्यालाही खुर्ची! पांझरेच्या पंचांना जे कधीच माहीत होतं, ते कायद्यात यायला एवढी वर्षं लागली. आता कायद्यातून ते प्रत्येक कालव्यावर पोचायला हवं, आणि तिथे आपलं काम सुरू होतं.

कारण मित्रांनो, आपल्यातले कित्येक जण उद्या पाटबंधारे, जलसंधारण, जिल्हा परिषद नाहीतर एखाद्या कन्सल्टंटकडे लागतील. हातात टोटल स्टेशन असेल, लॅपटॉपवर नकाशा असेल. तेव्हा डिझाइन पक्कं करायच्या आधी एक दिवस गावात बसा. सरपंचाच्या ओट्यावर चहा घ्याच, पण तेवढ्यावर उठू नका. कालव्याच्या शेपटाला ज्याचं शेत आहे त्याला विचारा. रात्रीची वीज येते तेव्हा बारं धरायला उठणाऱ्या बाईला विचारा. ज्याला जमीनच नाही आणि जो शेळ्या चारत सगळा नाला रोज पायाखाली घालतो, त्यालाही विचारा. आणि विचारलं की ते नकाशावर उतरवा. नुसती मान डोलावून उपयोग नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे!

त्या नाल्यावर आम्ही यंदा पुन्हा जाणार आहोत. जागा अजून ठरवलेली नाही. आधी आजीला भेटायचं आहे.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)